ठोंब्याला एकट्याला बसवणार नाही

दि. ६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघं दुसऱ्याच मिनिटाला हमरीतुमरीवर येतो, म्हणून यापुढे कागदावर भांडा, असा वहिनीने हुकूम काढलाय. तिचं म्हणणं, लिहिताना माणूस निदान समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देतो. बघू तुला जमतं का.

आधी तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर. नाही. माझ्या शोधकुत्र्याला, ठोंब्याला, मी दलाला परत देणार नाही. तू दवाखान्यात लोकांची हाडं जोडण्याच्या घाईत अर्धंच ऐकतोस, म्हणून सगळं पुन्हा लिहिते. ती इमारत कोसळली तेव्हा आत अडकलेल्यांना शोधायला बचाव दलाने आम्हाला पाठवलं होतं. ठोंब्याने एक आई आणि तिची लेक हुंगून काढली. त्या दोघी बाहेर पडल्या आणि उरलेला जिना आमच्या अंगावर आला. आम्हाला उकरून काढेपर्यंत आम्ही एकमेकांचा श्वास ऐकत पडलो होतो. तेव्हापासून कुठे दार आपटलं तरी मी असेन तिथे मटकन खाली बसते आणि ठोंब्या थरथर कापतो. मागच्या महिन्यात गोदामाचं शटर धाडकन खाली आलं आणि तो आमच्या भांडारपालाच्या हाताला चावला. एवढ्या नोकरीत पहिल्यांदाच.

आता मे महिन्यात तीन जणांची समिती त्याची परीक्षा घेणार आहे. आवाजाने बिथरून तो पुन्हा कुणाच्या अंगावर गेला, तर त्याला सुई देऊन कायमचं झोपवायचं, असा नियम आहे. घाबरलो दोघं सारखेच. मला रजा मिळाली आणि त्याला तारीख. हे मी मुकाट्याने बघत बसेन असं तुला वाटत असेल, तर तू मला ओळखत नाहीस.

मी एक केंद्र शोधलंय. न्यूरोफीडबॅक म्हणतात त्याला. डोक्याला चकत्या चिकटवून मेंदूच्या लहरी यंत्रावर बघतात. समोर पडद्यावर चित्रपट चालू असतो. मन थाऱ्यावर असलं की चित्र स्वच्छ दिसतं, बिथरलं की धूसर होतं. चित्र स्वच्छ ठेवता ठेवता मनाला वळण लागतं, असं त्यांचं म्हणणं. वरच्या मजल्यावर माणसं आणि खाली जनावरं. जनावरांना चित्रपटात रस नसतो, म्हणून लहरी शांत झाल्या की यंत्रातून वाडग्यात बिस्किट पडतं. मी सांगितलं की आम्ही दोघं एकाच खोलीत बसणार. तिथला उपचारक म्हणाला की अशी पद्धत नाही. मी म्हटलं, मग आजपासून पाडा.

वहिनीला नमस्कार. तुझ्यावर रागावलेय, पण लोभात काटछाट करू नकोस.

तुझी
धाकटी


दि. १५ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी शेवटपर्यंत वाचलं, हे वहिनीच्या साक्षीने लिहितो.

तू लहानपणापासून भिंतीला धडका देत आलीस आणि बहुतेक वेळा भिंतच सरकली, त्यामुळे तुझी सवय बिघडली आहे. पण या यंत्राबद्दल मी आमच्या मेंदूच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काही माणसांना बरं वाटतं हे खरं, पण ते यंत्राने वाटतं की कुणीतरी तास तास आपुलकीने समोर बसवतं म्हणून वाटतं, हे अजून कुणी ठामपणे सांगू शकत नाही. कुत्र्यांबद्दल तर त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या. तू इथे ये. चांगल्या माणसाकडे रीतसर उपचार घे. तुझी खोली वहिनीने केव्हाच झाडून ठेवली आहे.

कुत्र्याबद्दल मात्र माझं म्हणणं बदललेलं नाही. मला कुत्र्यांची भीती वाटते, हे तुला ठाऊक आहे आणि त्यावर तू आयुष्यभर हसलीस. पण ही माझी भीती नाही. जो एकदा चावला, तो तू झोपेत असताना तुझ्या गळ्याशी असतो. तो घरात आहे तोवर मी तुझ्या उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाही. हवं तर हट्ट म्हण. तो काही तू एकटीनेच करावा असं नाही.

प्रकृतीला जप. माझा राग आणि माया दोन्ही जागच्या जागी आहेत.

तुझा
दादा


दि. १८ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नको ठेवूस पाऊल. उंबरा कुठे पळून जात नाही.

तुझ्या नाकावर टिच्चून कळवते की आम्ही सुधारतोय. आठवड्यातून तीनदा जातो. खोली लहानच आहे. दोन खुर्च्या, एक सतरंजी, पडदा, आणि काचेमागे उपचारक. ठोंब्या त्याला डोक्याला हात लावू देत नाही, म्हणून चकत्या आणि तारा मीच लावते. आमच्या कामात एक शिस्त हाडीमाशी भिनलेली असते. आधी कुत्र्याचा साज चढवायचा, मग स्वतःचा. पाणीसुद्धा आधी त्याला. त्याच शिस्तीने त्याची तार आधी यंत्रात खोचते आणि मग माझी.

पहिले काही दिवस माझा पडदा नुसता धुकं झाला होता. मी जीव तोडून शांत व्हायला बघायचे आणि चित्र जास्तच बिघडायचं. शेवटी वैतागून पडद्याचा नाद सोडला आणि ठोंब्याच्या कानामागे खाजवत बसले, तर चित्र लख्ख झालं. तेव्हापासून तीच युक्ती वापरते. ठोंब्याही शहाणा झालाय. मी अस्वस्थ झाले की उठून येतो, हनुवटी माझ्या गुडघ्यावर टेकवतो, आणि थोड्या वेळाने त्याचं बिस्किट पडतं. परवा शेजाऱ्यांचं दार आपटलं. मी खाली बसले नाही. नुसता भिंतीचा आधार घेतला, तेवढ्यात तो येऊन पायाशी उभा राहिला. दोघंही उभे होतो, दादा. तुला एवढंच सांगायचं होतं.

सोबत आमच्या दोघांच्या लहरींचे आलेख पाठवलेत. समितीपुढे हेच ठेवणार आहे. तुझ्या त्या भुवयावाल्या डॉक्टरांना दाखव.

उत्तर लवकर लिही, टोमणा असला तरी चालेल.

तुझी
धाकटी


दि. २९ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

हे लिहिताना मला जराही मजा वाटत नाही, हे आधी लक्षात घे.

आलेख आमच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि विचारलं की तुमची बहीण कान हलवते का. तुझं नाव असलेल्या आलेखात कान हलल्याच्या खुणा आहेत. लहानपणी आरशासमोर उभी राहून तू ते शिकायचा पुष्कळ प्रयत्न केला होतास, पण जमलं नव्हतं. आणि कुत्र्याचं नाव असलेल्या आलेखात माणसाने डोळे मिटल्यावर येते तशी लहर आहे. तारा उलट्या लागल्या आहेत. यंत्रात तारेची पहिली जागा माणसाची असणार. तू सवयीने तिथे त्याला बसवलंस.

म्हणजे तुझं चित्र तो कुत्रा शांत झाला की स्वच्छ होत होतं, आणि तू शांत झालीस की त्याला बिस्किट मिळत होतं. एवढे दिवस तुम्ही दोघांनी भलत्याचाच मेंदू सांभाळला. हे कागद समितीपुढे नेलेस तर तोंडघशी पडशील. नेऊ नकोस. अजूनही माझं ऐक आणि इकडे निघून ये.

काळजीत आहे. रागावू नकोस.

तुझा
दादा


दि. ५ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांचं बरोबर आहे. मी केंद्रात जाऊन जागा तपासल्या. पहिली माणसाची, दुसरी जनावराची. उपचारक बिचारा पांढराफटक पडला. म्हणाला, आलेखांवरची नावं बदलून देतो, कुणाला कळणार नाही. मी त्याला बदलू दिली नाहीत.

खूप रडले, हे तुझ्यापासून कशाला लपवू. परीक्षा तोंडावर आली आणि हातात होतं नव्हतं ते गेलं, असं वाटलं. ठोंब्या आला आणि हनुवटी टेकवून बसला. तिथे यंत्र नव्हतं, वाडगा नव्हता, माझ्या खिशात बिस्किटही नव्हतं. तरी तो बसला. मग मला राग आला. तुझा, समितीचा, त्या शटरचा, सगळ्यांचा. भलत्याचा मेंदू सांभाळला म्हणतोस. त्या जिन्याखाली आम्ही दुसरं काय करत होतो?

मी सगळं खरं सांगणार आहे. चूकही सांगणार, आणि ती माझी होती हेही. तारा सरळ लावून नव्याने सुरू करा असं उपचारकाने सुचवलं, त्यालाही नाही म्हटलं. ठोंब्याला आता एकट्याला बसवणार नाही.

तुझं ऐकत नाही म्हणून माझ्यावरचा हात काढून घेऊ नकोस.

तुझी
धाकटी


दि. १२ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. काल परीक्षा झाली.

गोदामाचंच आवार. समितीत जनावरांचे डॉक्टर, दलाचे मोठे साहेब आणि बाहेरच्या एक बाई. मी आधीच सगळं सांगून टाकलं. साहेब हसले. डॉक्टर हसले नाहीत. मग त्यांनी पाठीमागे पत्र्याची मोठी थाळी फरशीवर आपटली. मी खाली बसणारच होते. ठोंब्या कापला, दात दिसले, आणि मग त्याने थाळी टाकणाऱ्याकडे पाहिलंच नाही. सरळ माझ्याकडे आला. मी त्याच्या मानेत बोटं खुपसली आणि दोघं तिथेच उभे राहिलो. त्यांनी आणखी दोनदा थाळी आपटली. तो कुणाच्या अंगावर गेला नाही.

साहेब म्हणाले की हा कुत्रा शांत नाही, फक्त तुझ्याजवळ शांत आहे. मी म्हटलं, साहेब, माझंही तसंच आहे, मग मलाही सुई द्या. बाईंनी तोंडावर हात ठेवला. पण डॉक्टरांनी विचारलं ते खरं होतं. तू आजारी पडलीस, गावाला गेलीस, तर याच्याजवळ कोण? शेवटी असं ठरलं की तो कामावर परत येणार नाही, मीही त्या कामावर जाणार नाही, नव्या कुत्र्यांना शिकवायचं काम मला देतील. हे मी आनंदाने कबूल केलं. पण तो माझ्याकडे राहायचा तर माझ्याखेरीज त्याची जबाबदारी घेणाऱ्या आणखी एका माणसाची सही आठवड्याभरात हवी. नाही मिळाली तर नियम तोच.

दलातल्या सगळ्यांना विचारून झालं. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांना मी दोष देत नाही. सही करायच्या कोऱ्या अर्जाची एक प्रत या पाकिटात आहे, ती वहिनीच्या सांगण्यावरून. मी तुझ्याकडे सही मागत नाहीये, दादा. चावलेल्या कुत्र्याबद्दल तू जे लिहिलंस ते मला पाठ आहे. सही मिळाली नाही तर मी त्याला घेऊन निघून जाईन आणि मग त्यांनी खुशाल शोधत बसावं. शोधणाऱ्यांना शिकवणारी मीच आहे.

लोभ ठेव किंवा ठेवू नकोस, मी तुझीच

धाकटी


दि. १५ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पळून बिळून जाऊ नकोस. या वयात तुला शोधत फिरणं मला झेपणार नाही.

यंत्राबद्दल माझं मत आहे तेच आहे. आमचे डॉक्टर तर म्हणाले की असल्या उलट्या तारांवरून काहीही सिद्ध होत नाही, आणि मला ते पटतं. पण तुझं पत्र वहिनीने मोठ्याने वाचलं आणि थाळीपर्यंत आली तेव्हा मी उठून खिडकीशी गेलो. ती इमारत पडली तेव्हा मी इथे कुणाचं तरी मनगट जुळवत होतो. तुझ्याजवळ तो होता.

कागद भरला आहे. तुझ्या हातात द्यायला रविवारी स्वतः येतोय. मुक्कामाला येतोय. त्याच्याजवळ बसायचं कसं ते तू शिकव. मला घाम फुटेल, तेव्हा हसायचं नाही. नाव, पत्ता, व्यवसाय हे पटापट लिहून झालं. त्याखाली 'प्राण्याशी नातं' असा एक रकाना होता. वहिनी म्हणाली की तिथे रेघ मारा, सगळे मारतात. मी मारली नाही. ज्या पोरीला मी अंगाखांद्यावर खेळवलं, तिने ज्याला पोटच्या पोरासारखं कवटाळलं, त्याच्याशी नातं नाही असं कसं लिहू?

स्वच्छ अक्षरात 'मामा' लिहिलं आणि सही केली.

माया तुझ्यावर होतीच. आता तुम्हाला दोघांना ती वाटून घ्यावी लागेल.

तुझा
दादा