सायबाच्या गाण्यातली सनई

अण्णा, तुमचं ते सायबाचं गाणं परवा मी मोबाइलवर पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. त्याचं खरं नाव मला कॉलेजात असताना कळलं होतं. मोठ्या उत्साहानं तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "आसंल." परळीच्या थर्मलमध्ये टर्बाइन बसवायला आलेल्या परदेशी साहेबानं जाताना तुम्हाला ती कॅसेट दिली, म्हणून ते सायबाचं गाणं. गाणं म्हणायचं, पण त्यात गाणारं कुणी नव्हतं. साठ-सत्तर माणसं मिळून नुसती वाद्यं वाजवतात. कॉलनीतले शेजारचे काका एकदा कौतुकानं ऐकायला बसले. चहा झाला, पहिली बाजू संपली, तुम्ही कॅसेट उलटलीत, तेव्हा ते हळूच म्हणाले, "म्युझिक लई झकास हाय, पर गाणारा कवा येतोय?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्यो सायबासंगंच गेला परत."

तुम्ही टर्बाइनवर ऑपरेटर. बेअरिंगला सळई टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि आत काय बिघडतंय ते ओळखायचं, हे तुमचं काम. पुष्कळदा तर नुसता तळहात ठेवूनही तुम्हाला कळायचं. गाणंही तुम्ही मला तसंच शिकवलंत. मी दहा-अकरा वर्षांची, शाळेतून आलेली, फ्रॉकवर थर्मलच्या राखेचे ठिपके, आणि तुम्ही मला टेपजवळ बसवून घेताय. "वरचं समद्यांनलाच ऐकू येतंय. तू खालचं आइक." खाली जाड तारांची वाद्यं संथ चालत असतात, आणि मग सगळं थांबून एकटी सनई येते. तिचंही खरं नाव वेगळं आहे. तुम्ही बोट वर करता, मी श्वास धरते. त्या घरात आपल्या दोघांचं म्हणून एवढंच होतं.

निवृत्तीनंतर तुमचे कान गेले. तीस वर्षं टर्बाइनशेजारी उभं राहिलेल्या माणसाचे जातातच. कानातल्या मशिननं गाणं पत्रा वाजवल्यासारखं यायचं, म्हणून ते मशिन तुम्ही काढून ठेवायचात. मी तेव्हा अंबाजोगाईला शिकवायला लागले होते, रविवारी परळीला यायची. तुम्ही एक हात टेपवर ठेवायचात, दुसरा माझ्यापुढे करायचात. "सनई आली की सांग." ती आली की मी तुमच्या मनगटावर बोट टेकवायची, आणि तिथून पुढे तुम्ही बरोबर तिच्या लयीत मान डोलवायचात.

एका रविवारी बटण दाबलं आणि कॅसेट फिरलीच नाही. आतला पट्टा तुटला असावा. तुमचे डोळे मिटलेले, हात टेपवर. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मनातल्या मनात गाणं चालवलं, आणि चालवताना ते आटोपतं घेतलं, मधले मोठे भाग गाळले. मनगटावर बोट टेकवलं. तुम्ही मान डोलावलीत. मग डोळे उघडून म्हणालात, "आज लौकर आली सनई." तुम्ही टेपवरचा हात काढून घेतलात. "आसू दे. तुला पाचची गाडी गाठायची आसंल. नीघ माय."

पुढच्या रविवारी तुम्ही गाण्याचं नाव काढलं नाही, मीही नाही. पट्टा बदलून आणायचं राहिलं. चार महिन्यांनी तुम्ही गेलात. चालू आणि बंद मशिनमधला फरक तुमच्या हाताला त्या दिवशी कळला नसेल, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.

परवा मी घड्याळ बघत ऐकलं. सनई अकराव्या मिनिटाला येते. मी ती तुम्हाला चौथ्याच मिनिटाला दिली होती. हे पत्र वहीतच राहणार आहे, म्हणून लिहून टाकते. पाचच्या गाडीचं नुसतं निमित्त होतं, मला कंटाळा आला होता. परळीहून अंबाजोगाईला रात्रीपर्यंत गाड्या असतात. हे तुम्हालाही माहीत होतं.