पाठ केलेलं वाक्य

दि. ३ नोव्हेंबर

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

लाजेपायी पत्राला उशीर झाला. कादंबऱ्या वाचून मी नवऱ्याला सारखे टोमणे मारायची, की दोन शब्द प्रेमाचे बोलायला तुझं काय जातं. गेल्या आठवड्यात माझ्या वाढदिवसाला तो वेल्डिंगचं काम टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या ऑफिसात आला आणि सगळ्यांदेखत मी वाचलेल्याच एका कादंबरीतलं प्रेमाचं वाक्य म्हणाला. मध्येच अडखळला, पुन्हा पहिल्यापासून म्हणाला. मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. त्यांच्याहून मोठ्यानं मी हसले. वर विचारलं, की धूर डोक्यात गेला का. तोही कसनुसा हसला आणि निघून गेला. तेव्हापासून कामापुरतंच बोलतो. हे असंच राहिलं तर? माफीचं लांबलचक पत्र लिहून त्याच्या डब्यात ठेवू का?

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी चिमी

दि. ८ नोव्हेंबर

चि. चिमीस,
अ. उ. आ.

पत्रबित्र काही नको. ती पुन्हा कादंबरीच झाली. तुझे काका गेल्यापासून मीही ढीगभर वाचल्या. त्यातला एकही नायक घोरत नाही, की बायकोच्या उलटीची बादली उचलत नाही. माझ्या आजारपणात काकांनी ती रोज उचलली, कुरकुरत. आवडतेस असं कधी म्हणाले नाहीत. आता ती कुरकुर ऐकावीशी वाटते, पण कुणाची ऐकू? तू चारचौघांत हसलीस, तर माफीही चारचौघांत माग. त्याच्या वर्कशॉपात जा. लाज वाटेल. वाटू दे.

जावयांना आशीर्वाद. तुला जाऊन आल्यावर.
काकू

दि. १५ नोव्हेंबर

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

गेले. ग्राइंडर इतका कर्कश चालू होता की त्याला माझं ऐकूच जाईना. मी ओरडून म्हणाले, की माझं चुकलं, मी हसायला नको होतं. नेमका तेव्हाच ग्राइंडर थांबला आणि सगळ्या वर्कशॉपानं ते ऐकलं. आता हे सगळे हसणार म्हणून मी मान खाली घातली. एकही हसला नाही, काकू. सगळे गुपचूप कामाला लागले. मला आमचं ऑफिस आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माफ केलं वगैरे तो काही म्हणाला नाही. फाटक आजच द्यायचंय, वेळ लागेल, एवढंच सांगून त्यानं एक स्टूल फडक्यानं पुसलं आणि ठिणग्यांपासून लांब ठेवलं. मी बसून राहिले. बरोबरच घरी निघालो. वाटेत त्यानं त्या फाटकाच्या बिजागरीचा विषय काढला. घर येईपर्यंत बोलत होता. मी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

तुझा असाच धाक असू दे.
चिमी