थेलॉनची शेवटची आठवण

ब्रुकलिन
१८ नोव्हेंबर १९७९

प्रिय नेथन,

कसा आहेस, वेळेवर जेवतोस ना, हे विचारायची रीत आहे म्हणून विचारतो. तुझी बहीण मुक्कामाला आहे म्हणजे जेवत असशीलच. तिच्यासमोर पानात टाकून उठायची कुणाची छाती आहे? मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो. समुद्रावरून बोचरं वारं सुटलंय आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंनी या वयात व्हायोलिन शिकायला घेतलंय.

आपल्या थेलॉन कॉमिकच्या शेवटच्या अंकाची चित्रं सोबत पाठवतोय. त्यात एक पान कमी आहे. त्याकडे येतो, पण आधी माझ्यानंतर थेलॉन काढणाऱ्या त्या क्रेगबद्दल बोलू दे.

पोरगा मेहनती आहे, नाही कोण म्हणतं? पण थेलॉनच्या दंडांवर त्याने इतकं मांस चढवलंय की बिचाऱ्याचे हात शरीराला टेकत नाहीत. आपला थेलॉन कोण होता? खांद्यावर शिडी घेऊन गल्लोगल्ली दिवे लावत हिंडणारा साधा माणूस. त्याच्या जगाचा सूर्य विझायला आला तेव्हा म्हाताऱ्यांनी सूर्याची शेवटची ठिणगी त्याच्या छातीत ठेवली, कारण आग न सांडता वाहून न्यायची सवय फक्त त्यालाच होती. अशा माणसाचे खांदे थोडे वाकलेले असतात रे! क्रेगचा थेलॉन आरशासमोर उभा राहिल्यासारखा उभा राहतो.

गेल्या वसंतात हॉटेलात कॉमिक्सचा मेळावा होता. क्रेगच्या सहीसाठी पार जिन्यापर्यंत रांग लागली होती. मी बाजूने पुढे गेलो तर एक पोरगी म्हणाली, “आजोबा, रांग मागून आहे.”

“अगं, थेलॉन पहिल्यांदा मी काढलाय.”

“हो? भारीच! पण रांग मागूनच आहे.”

आणि मी खरंच मागे जाऊन उभा राहिलो. क्रेगने मला पाहिलं, धावत आला, स्वतःची खुर्ची दिली. तेही मला आवडलं नाही.

तर असा हा मी, सेल्मा गेल्यावर तुझ्या घरी सुतकाला आलो होतो. आपल्या ज्यू रीतीप्रमाणे आरशांवर चादरी टाकलेल्या, तू त्या बुटक्या स्टुलावर बसलेला, आणि जो येईल तो तुझा हात धरून रडत होता. तुझी बहीण मला म्हणाली, “तुम्ही अंडं तरी खा, किती लांबून आलात!” मी उकडलेलं अंडं खाल्लं.  मग तू मला स्वयंपाकघरात नेलंस.

“हर्श, थेलॉन संपवतोय. शेवटचा अंक तू काढ.”

“का? तुझ्या लाडक्याचा हात मोडला की काय?”

“त्याला ती जमणार नाही. त्याने तिला पाहिलेलंच नाही.”

ओट्यावर बेगल पावांचं ताट होतं, त्याकडे बघत मी हो म्हणालो. घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. तू आपल्या कथेतल्या ‘इसेल’चं नाव घेतलं नाहीस. ‘ती’ म्हणालास.

आपला नियम तूच बसवला होतास. थेलॉनने विझलेला एक सूर्य पेटवला की त्या उजेडाच्या बदल्यात घरचं एक माणूस त्याच्या आठवणीतून जायचं. आधी शेजारी गेला, मग गुरुजी, मग भाऊ. आई गेली तेव्हा वाचकांनी पोतंभर पत्रं पाठवली. घरचं शेवटचं माणूस उरली फक्त इसेल, दारात दिवा घेऊन उभी राहिलेली. तिच्यापायी तो स्वतःच्याच घरचा सूर्य पेटवायचं टाळत आला.

इसेल मी पहिल्यांदा काढली तेव्हा सेल्मा तुझी बायको होऊन वर्षही झालं नव्हतं. तुझे संवाद आपल्या पानांवर सुबक अक्षरात तीच उतरवायची, जिभेचं टोक दातांत धरून. ते पान तिने उचलून दिव्याजवळ धरलं.

“हर्श, हे नाक माझं आहे.”

“नाकं सगळ्यांची सारखीच असतात.”

“माझं नसतं. शाळेत मला त्यावरून चिडवायचे.” मग हळूच, “नेथनला दिसलं तर?”

“त्याला फक्त शब्द दिसतात.”

ती हसली आणि दौत उघडून लिहायला बसली. त्यापलीकडे आमच्यात कधी काही झालं नाही. एक शब्दही नाही. तुझी शपथ घेऊन सांगतो, कारण तिची घ्यायचा मला हक्क नाही.

म्हणजे इसेल कोण ते तुला दिसत होतं तर! आणि तरी दर शुक्रवारी मला जेवायला बोलवायचास, तिच्या शेजारची खुर्ची द्यायचास, “हर्शला अजून कोंबडी वाढ गं” म्हणायचास. इतकी वर्षं मी तुझा मत्सर केला. मुखपृष्ठावर तुझं नाव आधी यायचं त्याचा केला, तुझ्या घराचा केला, ती तुझ्या कोटाची कॉलर नीट करायची त्याचा केला. आणि तुला माझा एकदाही वाटला नाही? एकदाही? हे मला सगळ्यात जास्त झोंबतंय, नेथन. निदान एका शुक्रवारी तरी मला बोलवायचं टाळायचं होतंस.

आता ती गेली, तर रडायचा हक्कही तुझाच. तुझ्या दाराशी लोक पातेली भरभरून जेवण आणतात. माझं सांत्वन कोण आणि काय म्हणून करणार? मी घरातला आरसाही झाकला नाही. कुठल्या नात्याने झाकू?

तुझ्या संहितेप्रमाणे काढलंय सगळं. थेलॉन घरचा सूर्य पेटवतो, गावात उजेड पडतो, माणसं रस्त्यावर येतात. शेवटच्या पानावर तू लिहिलंस, ‘तो इसेलकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघतो आणि पुढे जातो.’ ते परकेपण मला त्याच्या चेहऱ्यावर काढता येईना. खोडून खोडून कागद फाटला. शेवटी मी तो पाठमोरा काढला. समोर पानभर फक्त ती. संवाद ठेवला नाही. दुसऱ्या कुणाच्या अक्षरात तिथे शब्द नकोत.

तेच पान पाकिटात नाही. छपाईसाठी त्याची चांगली प्रत घातली आहे, तेवढ्यावर काम भागेल. मूळ पान मी देणार नाही. तुलाही नाही. तुझ्याकडे तिचे फोटो आहेत, तिचे कोट आहेत, थडग्याच्या दगडावर तिच्या नावाशेजारी तुझ्यासाठी सोडलेली जागा आहे. एवढं एक माझ्याकडे राहू दे. आणि या वेळी तरी मोठ्या मनाने “राहू दे” म्हणू नकोस. थोडा चीड माझ्यावर.

शुक्रवारी येईन, तू बोलावलंस तर. न बोलावलंस तर जास्त बरं वाटेल.

तिला तुझ्याइतकंच ओळखणारा,
हर्शेल