आपोआप झालं असेल

५ जून

चि. चिमीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे गुडघे आता कुरकुरत नाहीत, हे वाचून बरं वाटलं. इथे सगळं ठीक आहे असं लिहिणार होतो, पण घरात काहीतरी शिजतंय.

तुला संगणकातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून सोपं करून सांगतो. माझा मित्र रोज शब्दकोड्याची पीडीएफ पाठवतो. टिचकी मारली की ती ब्राउझरमध्येच, डोळ्यांसमोर उघडायची. आता वरच्या कोपऱ्यात नुसता बाण हलतो आणि फाइल गुपचूप डाउनलोडच्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. कोणीतरी सेटिंग बदललंय. मुलाला वेळ नाही, म्हणजे राहिली सूनबाई. विचारलं तर म्हणाली, आपोआप झालं असेल. गोदामात तपासनीस म्हणून जन्म काढला मी. तिथेही सगळं आपोआपच व्हायचं.

तब्येतीला जप. लोभ आहेच.

तुझा दादा

१२ जून

ती. दादास, सा. न. वि. वि.

पत्र वाचून वाचनालयात एकटीच हसले. शब्दकोडं एका खोलीऐवजी दुसऱ्या खोलीत उघडलं, तर एवढा गहजब? निवृत्त झालास तरी झडती काही सुटत नाही तुझी. सूनबाई सरळ आहे. तिच्या मागे लागू नकोस. मला पाहिजे तर दोन शिव्या दे.

इकडे नव्या कपाटांत पुस्तकं लावायचं काम चाललंय. कंबर मोडली, पण मजा येते.

लोभ आहे तो राहू दे, संशय मात्र कमी होऊ दे.

तुझी चिमी

१९ जून

चि. चिमीस, अनेक आशीर्वाद.

तू हसलीस, आता ऐक. मी सेटिंग पूर्ववत केलं, तर चार दिवसांत पुन्हा बदललेलं! आणि कारणही सापडलं. माझा ब्राउझर सुरू केला की कालची पानं जशीच्या तशी समोर येतात. मीच तसं करून ठेवलंय. म्हणजे कागद तिथे उघडला तर सकाळी माझ्या नजरेला पडणार. डाउनलोड करून छापला आणि पुसला, की कोणाला पत्ता नाही. प्रिंटरची शाई उगाच संपत नव्हती. घर नावावर करून घ्यायचेच कागद असणार, दुसरं काय?

काल संगणकाला पासवर्ड घातला. सूनबाई दारात उभी होती. डोळे भरले तिचे, पण तोंडातून शब्द नाही. मुलगा माझ्याशी बोलत नाही. येत्या रविवारी दोघांना समोर बसवून वेगळं बिऱ्हाड करा म्हणून सांगणार आहे.

तू तरी माझ्या बाजूने राहा.

दादा

२२ जून

ती. दादास, सा. न. वि. वि.

सूनबाईला एक अक्षर बोलू नकोस. कागद माझे आहेत.

दादा, मी लग्न करतेय. या वयात. हसायचं तर हसून घे. नोंदणीचे कागद मोठ्या पडद्यावर वाचून छापायचे होते आणि मला त्यातलं काही जमत नाही, म्हणून सूनबाईला गळ घातली. तुला कळू न देण्याची शपथही मीच घातली. बिचारीने ती तुझ्यासमोर रडतानाही पाळली.

आणि ते कोण, तेही सांगून टाकते. तुझ्या गोदामातले, वजनकाट्यावरचे. काट्यावर त्यांचा अंगठा असतो असं तू सगळ्यांना सांगायचास, पण कधी सापडला नाही. ते रोज वाचनालयात येतात. आम्ही फार बोलतो, दादा. लग्न झाल्यावरच तुला कळवणार होते. आधी कळलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, आणि मी नेहमीसारखी गप्प बसले असते.

रागव, पण माझ्यावर.

चिमी

२६ जून

चि. चिमीस,

सूनबाईची माफी मागितली. मान हलवली तिने, पण पूर्वीसारखी गप्पा मारायला बसली नाही. बसेल तेव्हा बसेल. पासवर्ड काढला. तुझा राहिलेला कागद छापून झालाय, सोबत पाठवतोय.

काटेवाल्याबद्दल माझं मत होतं तेच आहे.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. गोदामाच्या दारात मी झडतीला उभा असलो, की प्रामाणिक माणसंसुद्धा आधीच खिसे रिकामे करून यायची. मला वाटायचं, हा माझा दरारा. तू इतकी वर्षं माझ्याकडे तशीच येत होतीस, हे मला कळलंच नाही.

लग्नाला बोलावशील का? नाही बोलावलंस तरी आशीर्वाद आहेतच.

दादा