मिराशी सरांचं ‘बरोबर’

सांगली, १९४४

गुंडादादा,
जिथं असशील तिथं तुला माझा नमस्कार पोचो.

इंटरच्या तोंडी परीक्षेत इंग्रजी ऐकून अर्थ सांगावा लागतो. त्या सरावासाठी मिराशी सर मला रोज नेमिनाथशेटच्या रेडिओसमोर बसवतात. बातम्या ऐकायच्या आणि लगेच मराठीत सांगायच्या. म्हातारा लय खवीस! एक शब्द चुकला तरी ‘चूक’ म्हणून ओरडतो. ‘बरोबर’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

आज आय उंब्रजहून आली आणि माझ्याशेजारी ऐकायला बसली. इटलीची बातमी लागली. दादा, आज पहिल्यांदाच मला सगळं इंग्रजी कळलं. नदी ओलांडताना तुमच्या मराठा पलटणीवर तोफांचा मारा झाला. फार माणसं पडली.

आयला त्यातलं ‘मराठा’ तेवढं समजलं. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. “आपल्या पलटणीचं काय म्हनला रं त्यो?”

सर माझ्याकडंच बघत होते.

“पलटण नदीपार झाली,” मी म्हणालो. “सगळी पोरं सुखरूप हायत.”

आय सरांकडं वळली. “आवं मास्तर, बरोबर सांगतंय न्हवं माझं पोरगं?”

सरांनी उठून रेडिओ बंद केला.

“बरोबर,” ते म्हणाले.

आय आता आळीभर गूळ वाटत फिरते आहे. हे पत्र मी टाकणार नाही. ते तुला न पोचता परत आलं तर त्यावरच्या इंग्रजी शिक्क्याचा अर्थ आय मलाच विचारेल. तू ये, दादा. आमचं उत्तर तेवढं खरं कर.

तुझा,
सर्जेराव