बाळंतपणातलं दुखणं

अमर,

आज उभी राहिल्यापासून अकराव्या मिनिटाला डोकं दुखायला लागलं, तेव्हा तिसरी भाकरी तव्यावर होती. आडवी झाल्यावर वीस मिनिटांनी थांबलं. ओवीच्या जन्माच्या वेळी पाठीतली भुलीची सुई जास्त खोल गेली, तेव्हापासून तीन वर्षं हे असंच आहे.

आई म्हणतात, “तुनं कान नाही बांधले, वारं घुसलं डोक्यात. बाळंतपणातलं दुखणं बाळंतपणातच जाते. पुढच्या वेळी घट्ट बांधजो.” मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी वाद नको म्हणून तीन उन्हाळे कानांना रुमाल बांधून काढले.

मी नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे जाते आहे. वरण कुकरमध्ये आहे. भाकरी दोनच आहेत, तिसरी करपली. ओवीला जरा कडेवर घे. हल्ली ती मला ‘उचल’ म्हणत नाही, ‘आई, तू झोप’ म्हणते.

दुसऱ्या बाळाचं तू दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा ‘पाहू’ म्हणाले. आज निघताना रुमाल आईंच्या हातात दिला आणि त्यांना सांगितलं, तेच तुलाही सांगते: मला दुसरं मूल नको.