चहासाठी दार

३ मार्च
चहा पुन्हा गार. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये यायला अख्खा पॅसेज फिरावा लागतो. गार चहावरची ती साय! शिसारी येते. मधल्या भिंतीत दार पाडलं की प्रश्न मिटला. संकल्प: या रविवारी दार. गवंडी नको. घरभर चिखल करतात आणि फोनवर बोलत बसतात.

४ मार्च
बायको म्हणाली, त्या भिंतीवर वरच्या मजल्यावरचं दादांचं स्वयंपाकघर उभं आहे. आधी टेकू लावा, वर बीम टाका, मग काय फोडायचं ते फोडा. हिला सगळ्यात नाक खुपसायची सवय. मी स्वतः व्हिडिओ पाहिलाय. अर्धा. उरलेल्या अर्ध्यात तेच तेच असतं.

८ मार्च, सकाळी
टेकू लावला! जॅक भाड्याने आणायला मी काही खुळा नाही. बायकोचं लोखंडी कपाट भिंतीलगत सरकवलं, वरच्या फटीत दोन सुटकेस ठोकून बसवल्या. जॅक लोखंडाचा, कपाटही लोखंडाचं.

दुपारी
भगदाड पडलं. धूळ नाकात, दातांत, चहात. किळस. पण चहा गरम! बीम पुढच्या रविवारी बघू.

९ मार्च
वहिनीची तक्रार. ओट्यावर ठेवलेले बटाटे म्हणे आपोआप घरंगळतात. बटाटे गोल असतात, घरंगळणारच. एवढा संसार केला आणि हे कळू नये?
संध्याकाळी दुसरी तक्रार: त्यांच्या स्वयंपाकघराचं दार लागत नाही. मग सुताराला बोलवा ना! मी काय करू?

१० मार्च
कपाट उघडेना. माझे शर्टही त्यातच. बायकोने साड्या कोंबल्यात, दुसरं काय. बिजागऱ्यांना तेल पाजलं. ढिम्म. कालचाच शर्ट घालून ऑफिसला गेलो. दुपारपर्यंत स्वतःचीच घाण वाटायला लागली. साड्यांमुळे.

१२ मार्च
छताला तडा. केसाएवढा. पुट्टी भरली. ऑफिसातून येऊन पाहतो तो पुट्टी खाली आणि तडा पार भिंतीपर्यंत. हल्ली पुट्टीतसुद्धा भेसळ. वीट आलाय या बाजाराचा.
बायको वर जाऊन वहिनीला सांगून आली की चार दिवस आमच्याकडे स्वयंपाक करा. मला न विचारता. वहिनी मात्र हसली म्हणे, आपले भाऊजी आहेत, बघून-सवरूनच करत असतील.

१३ मार्च
सकाळी सुटकेस चेपल्या. मोठा आवाज झाला. वर ओटा एका बाजूने खचला, शेगडी खाली आली. वहिनी तेव्हा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. नसती तर
लिहवत नाही.
दादा खाली आला. त्याने भगदाड पाहिलं, सुटकेस पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, सुटकेसवाल्यावर केस ठोकू. तो इंजिनिअरला फोन लावत होता.

१४ मार्च
इंजिनिअर आला. घरभर लोखंडी जॅक उभे केलेत, अंग चोरून चालावं लागतं. त्याने विचारलं, हे कोणी केलं? मी घसा खाकरला. तेवढ्यात दादा म्हणाला, एक गवंडी होता, पळून गेला. वहिनीने इंजिनिअरपुढे चहा ठेवला, बायकोने बिस्किटं.
इंजिनिअर म्हणाला, वरच्या ताई थोडक्यात वाचल्या. असला माणूस पुन्हा दारात उभा करू नका.
मीही म्हटलं, असल्यांना फटकेच द्यायला हवेत. जरा जोरातच म्हटलं.
एकट्या इंजिनिअरने मान डोलावली.